मामेसासऱ्यांचा दगड

अख्ख्या इंदापूर तालुक्यात माणसांना घाबरवण्याचं काम मामांइतक्या निष्ठेनं आणि मायेनं करणारा दुसरा माणूस झाला नसेल. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. निरवांगीच्या अलीकडे ओढ्याच्या काठावर एकटेच राहायचे. वाडवडिलांची मेंढरं कधीच गेली होती, स्वतः साखर कारखान्यातून निवृत्त झाले होते. मेंढरांच्या दिवसांतलं एक घोंगडं तेवढं उरलं होतं. ते पांघरून मामा तुमच्या मागे कधी येऊन उभे राहिले ते कळायचं नाही. पावलांचा आवाज नाही, खाकरणं नाही. आधी मानेवर गार काहीतरी जाणवायचं, आणि वळून बघावं तर मामा, पापणी न लवता आपल्याकडं बघत असलेले. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या हातातली चहाची बशी फुटली. "जावईबापू, भ्यालासा व्हय?" हे त्यांनी इतक्या कौतुकानं विचारलं की पुढच्या खेपेला मी आठवणीनं दचकलो.

हा सगळा खटाटोप घुबडांसाठी होता. मामांच्या घरासमोर, ओढ्याच्या दरडीत, शृंगी घुबडांची एक जोडी राहायची. डोक्यावर शिंगांसारखी पिसं, नारिंगी डोळे, आणि दिवेलागणीला ओढाभर घुमणारा आवाज. नराला मामा 'पाव्हणं' म्हणत आणि मादीला 'बाई'. दिवेलागणीनंतर त्यांच्या घरात कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही, असा सक्त नियम होता. घुबड नाव ऐकून ठेवतं आणि पुढं त्याच नावानं बोलावतं म्हणे. त्यामुळं संध्याकाळी तिथं सगळी बिननावाची माणसं वावरत. मी बारामतीच्या कॉलेजात विज्ञान शिकवणारा. पण खरं सांगतो, त्या अंधुक ओसरीवर तासभर बसलं की आपलं नाव काय हे आठवायला क्षणभर जड जायचं. एकदा त्यांनी माझ्यापुढं डबा सरकवला. लाडू असतील म्हणून हात घातला, तर बोटांना नखाएवढ्या कवट्या लागल्या. घुबडांनी उंदीर खाऊन ओकून टाकलेल्या. "ह्यो आपला वाचलेला ऊस," मामा म्हणाले आणि डबा पुन्हा फळीवर ठेवून आले.

पण मामांचं खरं हत्यार म्हणजे दगड. घुबडाला दगड मारला तर ते तो झेलतं, नदीवर नेऊन रोज घासतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो, ही समजूत आपल्याकडं सगळीकडं आहे. मामांनी तिला साक्षीदार पुरवले. निमगाव केतकीच्या बाजारात, भज्यांच्या गाड्यापाशी ते उभे राहत आणि आसपास कुणीही वारलेलं असो, त्याला कामाला लावत. "त्यानं दगड मारला हुता. म्या डोळ्यांनी बघितलंय." कळंबच्या एका बाईनं त्यांना भर बाजारात गाठलं. "आमचं मालक ट्रॅक्टरखाली गेलं. ते कुठं झिजलं?" मामा जराही गडबडले नाहीत. "एकेक दगड ठिसूळ आसतो, बाई." ती भांडायला आली होती, पण पांढरीफटक पडून तशीच परत गेली. दरडीकडं मात्र कुणाचा खडासुद्धा येत नसे.

नव्वदच्या दशकात आम्ही संस्थावाले अवतरलो. आमचं बारामतीचं पक्षिमित्र मंडळ, पुण्याची एक संस्था, वनखातं आणि अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारा एक गट, अशी मिळून घुबडं वाचवण्यासाठी संयुक्त समिती झाली. सुरुवातीच्या बैठका पत्रकावर कुणाचं नाव आधी, यातच गेल्या. मग निरवांगीच्या शाळेत कार्यक्रम ठरला. पडद्यावर चित्रं दाखवली, घुबड शेतकऱ्याचा मित्र आहे हे पटवलं. शेवटी अंधश्रद्धेवाल्या गटाचे एक कार्यकर्ते सगळ्या गावाला दरडीपाशी घेऊन गेले आणि घुबडं नव्हती त्या टोकाला, पण घुबडांच्या नावानं, त्यांनी एक दगड भिरकावला. महिन्यानं ते पुन्हा आले तेव्हा चांगले गुटगुटीत दिसत होते. गाव पोट धरून हसलं. आम्ही एकमेकांचं अभिनंदन करत असताना मानेवर गार लागलं. "लोकांची भीती काढलीसा," मागून मामा म्हणाले. "बरं केलंसा. आता तिच्या जागी काय ठेवणार हायसा?"

आमच्याकडं ठेवायला काही नव्हतं. मित्र म्हटल्यावर लोक घुबडांशी मित्रासारखेच वागू लागले, म्हणजे खोड्या काढू लागले. येता-जाता जो तो दगड मारून बघायचा, काही होत नाही याची खात्री करून घ्यायचा आणि हसत पुढं जायचा. त्या हंगामात अंडी फुटली. बाईचा एक पंख लोंबू लागला. तरी पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा त्याच कपारीत बसली, आणि हीही अंडी गेली तर जोडी दरड सोडून जाईल, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. समितीत कुंपणाचा विषय निघाला. जमीन कुणाच्या अखत्यारीत येते यावर चर्चा झाली, आणि चहा झाला.

मामांनी बाजारचा दिवस धरला. माणसं ओढ्यावरून परतत होती, ऊन कलत होतं, पाव्हणं दरडीच्या कडेला येऊन बसलं होतं. मामा सगळ्यांच्या पुढं झाले आणि ज्यांच्यासाठी आयुष्य वेचलं त्यांच्यावर त्यांनी जीव खाऊन दगड मारला. मी तिथंच होतो. दगड घुबडाच्या अगदी जवळून गेला. त्यानं मान वळवून मामांकडं बघितलं, बघतच राहिलं, आणि आवाज न करता उडालं. दगड पडल्याचा आवाज मला आला नाही. खाली मऊ गाळ आहे, तो कसा येणार, असं मी स्वतःला बजावलं. तरी माझ्या अंगावरचा काटा घरी जाईपर्यंत गेला नाही.

त्यानंतर मामा झिजू लागले. बंडी खांद्यावरून उतरू लागली, गालांत खड्डे पडले. एरवी बाजाराखेरीज कुठं न जाणारे मामा आता रोज काठी टेकत चावडीवरून चक्कर मारत. "आबा, कुठवर आला दगड?" कुणीतरी त्यांना दबक्या आवाजात विचारायचं. "मुठीएवढा ऱ्हायलाय." पुढं लिंबाएवढा झाला, मग सुपारीएवढा. दरडीखालची वाट ओस पडली. बाईनं अंडी उबवली.

मी त्यांना बळेबळे बारामतीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मामा दिवाळीतच एकटे येऊन गेले होते. पोटातलं दुखणं हाताबाहेर गेलंय हे त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे दगडाच्या कितीतरी आधी. एसटीत मी विचारलं, "मामा, हे काय केलंत?"

"जायचं तर हायच, जावईबापू. मग फुकट कशाला जायचं?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. थोड्या वेळानं माझा हात धरला. "डाक्टरचं कुणाला बोलू नगासा. पिल्लं उडंस्तवर तरी."

पिल्लं अजून दरडीतच होती तेव्हा मामा गेले. शाळेत शोकसभा झाली. समितीतल्या सगळ्या संस्था आल्या, आणि मागं सगळं गाव बसलं. अंधश्रद्धेवाले ते कार्यकर्ते म्हणजे भला माणूस. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "नेमकं काय झालं होतं हो त्यांना?"

प्रश्न हळू होता, पण मागची कुजबुज थांबली. माणसं माझ्याकडं बघत होती. घुबड कुणाचं काही करत नाही, हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आलो आहे.

"त्यांनी दगड मारला होता," मी म्हणालो.

कार्यकर्त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. बाहेर अंधारून येत होतं. दरडीकडून तो घुमणारा आवाज उठला आणि त्याच्या मागोमाग पिल्लांचे चिरके, भुकेले आवाज. मामांनी हे ऐकायला हवं होतं, एवढंच मला वाटत राहिलं.