जाहीर पोट

तमाम चामोर्शीकरांस, तसेच नदीपलीकडच्या समस्त नातलगांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आज सकाळी माझं पोट साफ झालं.

दवंडीची तशी गरज नाही. माझं पोट ही आमच्याकडे सार्वजनिक मालमत्ता आहे. सासूबाई ओसरीवरून माझ्या फेऱ्यांवर लक्ष ठेवतात. विहारात वंदना संपली की बाया विचारतात, आज कसं हाये बाई. कुणी बेलाचा मुरब्बा आणून देतं, कुणी ताकात जिरं घालायला सांगतं. शाळेत मुख्याध्यापकांनी मला संडासाजवळचा वर्ग दिला, तोही भर सभेत. मीही कमी नाही. मूलच्या अलीकडे एसटी थांबवून मी झुडपाकडे कशी धावले, हे अभिनयासह करून दाखवते. अजून मागणी असते.

रिपोर्ट मात्र सगळे चांगले. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण, कशातच काही नाही. याला आयबीएस म्हणतात. आतड्यात जखम नाही, गाठ नाही, नुसता बेताल कारभार. कधी चार दिवस बंद, कधी एका तासिकेत तीनदा.

एक गोष्ट मात्र मी किश्श्यात कधी घेतली नाही. नवरा जवळ आला की काय होतं, ती. फुगून टम्म झालेलं पोट, त्यावर त्याचं वजन, आतून कळा. आणि कळांपेक्षा मोठी भीती, की मध्येच उठून पळावं लागेल. नको म्हटलं तर तो ओरडायचा नाही, तसा भला माणूस आहे. फक्त तीन दिवस खाली मान घालून जेवायचा. म्हणून मी नको म्हणणं सोडलं. त्यात तेरा वर्षं गेली. कधीकाळी मलाही ते आवडायचं, हे आता दुसऱ्याच कुण्या बाईबद्दल ऐकल्यासारखं वाटतं.

मागच्या हिवाळ्यात चंद्रपूरच्या डॉक्टरबाईंकडे नंबर लावला, तेव्हा ठरवूनच गेले: या वेळी हेही सांगायचं. अडचण एकच. माझं दुखणं डॉक्टरला नवरा सांगतो. आमच्याकडे रीतच ती. बाई स्टुलावर बसते आणि नवरा उभा राहून बोलतो. त्याने सुरुवात केली. वेळ, रंग, वास, सगळं तोंडपाठ. ऐकताना मलाच वाटलं, हा माझ्यापेक्षा बरा सांगतो. डॉक्टरबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, संबंधाच्या वेळी काही त्रास होतो का?

पडद्यामागे पुढच्या नंबराची माणसं खोकत होती.

"दुखते," मी म्हटलं. "दर वेळी दुखते. उशीत तोंड घालून कण्हत राहते, संपेपर्यंत."

एवढंच. जिच्या पोटाची बातमी अर्ध्या तालुक्याला असते, तिला एवढं बोलायला तेरा वर्षं लागली.

डॉक्टरबाई दचकल्या नाहीत. म्हणाल्या, या आजारात असं पुष्कळ जणींना होतं; बाया सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत. उपाय आहेत, औषधं आहेत, पण दुखत असेल तेव्हा थांबायचं, हे पहिलं. हे शेवटचं त्यांनी नवऱ्याकडे बघून सांगितलं.

त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, खराखुरा चकित होऊन, जणू लग्नानंतर पहिल्यांदा कुणी आमची ओळख करून दिली होती. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल. निदान गप्प तरी राहील. तो बोलला, आणि पडद्यामागचं खोकणं थांबावं एवढ्या मोठ्याने बोलला.

"तू कण्हे तं मले वाटे, तुले बरं वाटून राह्यलं."