तिसऱ्या मजल्यावरची बेल

आमच्या इमारतीतली सगळी पार्सलं माझ्याकडे येतात. गेली काही वर्षं मी घरूनच काम करते, आणि दिवसभर घरात असणारी या जिन्यावर मी एकटीच, हे हॅम्बर्गच्या कुरिअरवाल्यांना कुणीही न सांगता कळलं. मग खालच्या मजल्यावरच्या आजींच्या औषधांपासून वरच्या विद्यार्थ्याच्या सायकलच्या चाकापर्यंत सगळं माझ्या पॅसेजमध्ये. बेल वाजली की हेडफोन काढायचा, खालचं दार उघडायचं बटण दाबायचं आणि तीन मजले चढून येणाऱ्याची धाप ऐकत दार धरून उभं राहायचं. मी कुरकुर करायची, पण खरं सांगायचं तर मला ती बेल आवडायची. या देशात न सांगता कुणी कुणाकडे जात नाही. तेवढीच घराला जाग.

लेक नौदलात गेली आणि बेल बिघडली. म्हणजे बेल तीच होती, बिघडले मी.

इथल्याच, जर्मन नौदलात गेली ती, शाळा संपल्या संपल्या. तिच्या वडिलांचं आणि माझं, दोन्ही घरं पुण्याची. पाण्याशी आमचा संबंध नळ किती वाजता येतो एवढाच. या मुलीच्या डोक्यात समुद्र कुठून शिरला म्हणून मी नवऱ्याला फैलावर घेतलं, तर तो म्हणाला, ‘तूच नाही का दर रविवारी तिला बंदरातल्या फेरीबोटीत बसवायचीस? बसच्याच तिकिटात होतं म्हणून.’

प्रशिक्षणाच्या काळात आईने काय करायचं असतं हे मला कुणी सांगितलं नाही. करण्यासारखं काही नव्हतंच. कपडे त्यांचे, बूट त्यांचे, जेवण त्यांचं. ती व्हिडिओ कॉलवर टाचांचे फोड कॅमेऱ्यासमोर धरायची आणि जर्मनमध्ये हसत हसत सांगायची की हे काहीच नाही, शेजारच्या पलंगावरचीचे बघ. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. मी कोकमतेलाचा गोळा पाठवला. तो गरम करून वितळवायचा आणि भेगांत भरायचा, हे फोनवर तीनतीनदा समजावलं. पुढे तिच्या खोलीतल्या सगळ्या मुली झोपताना तेच तेल चोळतात असं कळल्यावर मी दोन दिवस हवेत होते. माझ्याने होण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते करून झालं होतं.

मग तिला जहाज मिळालं. निघण्याआधी घरच्यांसाठी एक दिवस ठेवला होता, कॉफी, केक आणि माहिती. गणवेशातली एक हसतमुख बाई सांगत होती, की समुद्रात फोन लागणार नाही, कधी कधी मुद्दाम बंद ठेवतात, शांतता म्हणजे संकट असं समजू नका. कुणाच्या तरी वडिलांनी विचारलंच, की खरंच काही झालं तर? ती म्हणाली, ‘त्यासाठी फोनला घाबरू नका. असली बातमी आम्ही फोनवर कधीच देत नाही. आम्ही घरी येतो. आणि एकटं कुणी येत नाही, दोघं येतात.’

धीर द्यायलाच सांगितलं तिने. आजूबाजूचे आईबाप ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत माना हलवत होते. माझा केक बशीत तसाच राहिला.

त्या दिवसापासून बेल वाजली की हातातलं काम टाकून मी आधी दारापाशी जायची. कुरिअरवाला एकटा असतो, हे माहीत होतं. तरी जिन्यात पावलं किती जणांची आहेत हे मी कान देऊन ऐकायची. मीटिंगमध्ये बोलता बोलता गप्प व्हायची. सहकाऱ्यांना वाटायचं माझं नेट गेलं.

आणि एकदा, तिचा बरेच दिवस काही निरोप नसताना, रेडिओवर सांगितलं की उत्तरेकडे कुठल्याशा लष्करी जहाजावर अपघात झाला आहे. कुठल्या देशाचं, ते अजून कळलेलं नाही. नवरा म्हणाला, ‘अगं, समुद्र केवढा आहे,’ आणि विमानाच्या कारखान्यात कामाला निघून गेला. थोड्या वेळाने बेल वाजली. खालची नाही, थेट घराच्या दाराची. मी भिंगातून पाहिलं.

दोघं होते. एक पुरुष, एक बाई. काळी जॅकेटं, दोन रांगांत सोनेरी बटणं.

मी दार उघडलं नाही. दार उघडेपर्यंत माझ्या मुलीला काही झालेलं नव्हतं. साखळीवर हात ठेवून मी श्वाससुद्धा हळू घेत होते. त्यांनी पुन्हा बेल वाजवली. आपसात काहीतरी बोलले. मग पावलं खाली गेली, आणि ती गेल्यावर मला वाटलं, आपण हे काय केलं, आता ते पुन्हा कधी येतील? पण मागे धावले नाही. मी चपलांच्या कपाटाला टेकून खालीच बसले.

पुन्हा बेल वाजली तेव्हा बाहेर खालच्या आजी होत्या. ‘आल्झो, म्हणजे घरीच आहात की! मग त्यांना दार का नाही उघडलंत? धुराडी साफ करणारे आले होते, गॅसचा बॉयलर तपासायला. आठवडाभर खाली नोटीस लावलीय.’ धुराडीवाल्यांच्या जॅकेटच्या बटणाला हात लावला की नशीब उघडतं असं इथे मानतात. आजी खुशीत म्हणाल्या, ‘मी दोघांच्याही लावला.’

मी हसले. हसता हसता रडायला लागले ते थांबेना. बिचाऱ्या आजी मला शेजारी बसून थोपटत राहिल्या, कशासाठी ते न विचारता. संध्याकाळी लेकीचा निरोप आला, आलेस गुट, सगळं ठीक. ते जहाज दुसऱ्याच कुठल्या देशाचं होतं. त्यावरच्यांच्या आयांचं काय झालं असेल, हा विचार मी त्या दिवशी केला नाही.

लेक सुट्टीवर आली तेव्हा बापाने हा किस्सा रंगवून सांगितला. ती हसली नाही. घास खाली ठेवला आणि चक्क मराठीत, शब्द शोधत शोधत म्हणाली, ‘आई, ते आधी तुझ्याकडे येणारच नाहीत. कुणाला सांगायचं ते आम्हाला विचारतात. मी आत्याचं नाव दिलं. ते आत्याकडे जाणार, मग आत्या त्यांना घेऊन इकडे येणार. बाहेर आत्या नसेल तर ते नाहीत. ओके?’

आत्या म्हणजे आमच्या वन्सं, नवऱ्याची मोठी बहीण. आमच्या कितीतरी आधी इथे आल्या, इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आयुष्य काढलं, आता ऊ-बानने, म्हणजे मेट्रोने, दोन स्टेशनं पलीकडे एकट्या राहतात. दर रविवारी स्टीलचा डबा घेऊन आमच्याकडे जेवायला येतात, आणि माझ्या फोडणीत मोहरी कमी पडते हे दर रविवारी सांगतात.

माझा पारा चढला. ‘माझ्याआधी वन्संना? मी आई आहे का कोण आहे?’

‘तू दिवसभर एकटी असतेस,’ ती म्हणाली. ‘ते मला चालणार नाही.’

‘आणि त्यांना विचारलंस?’

‘कधीच विचारलं. हो म्हणाली.’

म्हणजे इतके महिने वन्सं हे पोटात ठेवून दर रविवारी येत होत्या, जेवत होत्या, मोहरीवर बोलत होत्या.

ती परत गेली. माझी बेल मात्र खरंच बरी झाली. पार्सलं पुन्हा नुसती पार्सलं झाली. पण रविवारी वन्संनी बेल वाजवली, मी भिंगातून त्यांचा चेहरा पाहिला, आणि त्यांच्या मागे कुणी आहे का ते आधी शोधलं. आता भीतीला चेहरा मिळाला होता, आणि तो नेमका वन्संचा. दार उघडल्यावर त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग डबा माझ्या हाती दिला.

पुढच्या रविवारी तळमजल्यावरूनच आवाज आला, ‘अगं, मीच आहे गं! अळूवड्या आणल्यात!’ पहिल्या मजल्यावर पुन्हा. दुसऱ्यावर पुन्हा. ज्या बाईने या देशात सगळी हयात हळू बोलण्यात घालवली, ती रविवारी, जेव्हा इथे कुणी खिळाही ठोकत नाही, सामसूम जिन्यात बोंब मारत चढू लागली. दर रविवारी. मी आतून ओरडायची, ‘या वन्सं, या!’

मग हिवाळा आला. जहाज पुन्हा दूर गेलं होतं, निरोप नव्हता. रविवारी खालची बेल वाजली, मी बटण दाबलं, जिन्यात पावलं आली. आवाज आला नाही.

मी जाऊन दाराची साखळी धरली. पावलं पहिल्या मजल्यापर्यंत आली. आणि मग ठण, ठण, ठण. स्टीलवर काहीतरी आपटत होतं. खालच्या आजींचं दार उघडलं, ‘आज रविवार आहे!’ म्हणून त्या कुणालातरी झापत होत्या. ठणठण थांबली नाही. वर वर येत राहिली.

मी दार उघडलं. वन्सं गळ्याला मफलर गुंडाळून, एका हातात डबा नि दुसऱ्यात किल्ल्यांचा जुडगा घेऊन शेवटच्या पायऱ्या चढत होत्या. घशाकडे बोट दाखवून त्यांनी मान हलवली. आवाज पार बसला होता. डोळ्यांत पाणी होतं, धापेचं की कशाचं कोण जाणे. डब्याच्या झाकणाला पोचे आले होते.

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, की तसा दिवस आलाच, तर या म्हातारीला हे तीन मजले गप्प चढावे लागतील. त्या दोघांच्या पुढे. आणि वर मी कान लावून उभी आहे हे तिला माहीत असेल.

मी डबा हातातून घेतला. ‘आत या, अहो, थंडी आहे,’ म्हणाले. ‘आज मोहरी भरपूर घातलीय.’