दहा वाक्यांचा आठवडा

मावशींच्या दुकानात घड्याळ नव्हतं, पण तिथल्या प्रत्येक कपड्याला स्वतःची वेळ होती. कोटाच्या कॉलरला, पडद्याच्या कोपऱ्याला, शाळेच्या स्कर्टच्या पट्ट्याला एकेक चिठ्ठी टाचलेली असायची. 'गुरुवार, चार. अस्तर बदललेलं असेल.' 'शनिवार, सकाळ. चेन बसवलेली असेल.' गुरुवारी चारला गिऱ्हाईक आलं की अस्तर बदललेलं असायचंच. तीस वर्षांत एकही चिठ्ठी खोटी पडली नव्हती, आणि त्याचं गुपित साधं होतं: जमेल अशी खात्री नसेल तर मावशी चिठ्ठी लिहीतच नसत. "बघते," एवढंच म्हणत. त्या 'बघते'ला अख्खी गल्ली टरकून होती. मावशी 'बघते' म्हणाल्या की माणसं मुकाट्याने कापड उचलून दुसरा शिंपी शोधायला निघत.

फ्रेंचच्या नादी त्या लागल्या त्या रद्दीमुळे. रद्दीवाल्याकडे त्यांना कपड्यांच्या नमुन्यांची जुनी मासिकं सापडली. पानापानांत घडी घातलेले मोठाले कागद होते आणि त्यांवर बाह्यांचे, कॉलरचे, घेरातल्या कळ्यांचे आकार आखलेले होते. आकार डोळ्यांना कळत होते, पण त्यांच्याखाली फ्रेंचमध्ये काय लिहिलंय ते कळत नव्हतं. एक बाही तर अशी होती की ती खांद्याला बसते कशी, या विचारात मावशींनी दोन दुपारी घालवल्या. शेवटी छप्पन्नाव्या वर्षी त्या वही घेऊन दुकानाच्याच वरच्या मजल्यावर गेल्या. तिथे दर रविवारी अकरा वाजता फ्रेंचचा वर्ग भरे. वर्गातली मुलं त्यांच्या निम्म्या वयाची होती आणि शिकवणारे सरसुद्धा जेमतेम तिशीचे. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी त्यांना 'मावशी' करून टाकलं.

त्या रविवारी सरांनी पूर्ण भविष्यकाळ काढला.

"अजून जे झालेलं नाही," सर म्हणाले, "ते एका ठरावीक वेळेच्या आत होऊन गेलेलं असेल, असं सांगायचंय. म्हणजे पुढच्या टोकाला जाऊन उभं राहायचं आणि मागे वळून बघायचं. करायचं काय, तर मदतीचं क्रियापद भविष्यकाळात घ्यायचं आणि मुख्य क्रियापदाला 'झालेलं' हे रूप द्यायचं. झोरे फिनी. मी संपवलेलं असेल."

"एवढंच?" मावशी म्हणाल्या.

"एवढंच म्हणजे? गेल्या वर्षीची पोरं इथेच गळाली, मावशी."

मावशींनी पिशवीतून एक कोरी चिठ्ठी काढून त्यांना दुकानातली पद्धत सांगितली. सर हसून वर्गाकडे वळले. "घ्या. खालच्या मजल्यावर तीस वर्षं हाच काळ चाललाय आणि आपण इथे फळ्यावर डोकं फोडतोय."

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. बहुतेक क्रियापदांना मदतीला 'जवळ असणे' या अर्थाचं क्रियापद येतं, पण जाण्यायेण्याच्या क्रियापदांना नुसतं 'असणे'वालं. बोलणारी बाई असेल तर तिथे लिहिताना शेवटी एक जादा अक्षर येतं, आणि ते उच्चारात ऐकू येत नाही. हे मावशींना फार आवडलं. शिवणीच्या आत सोडलेल्या मायेसारखं, त्या जादा कापडासारखं, बाहेरून दिसत नाही पण असावं लागतं.

गृहपाठ होता दहा वाक्यांचा: पुढच्या रविवारी अकरापर्यंत मी काय काय केलेलं असेल.

सात वाक्यं मावशींनी दुकानात बसल्या बसल्या लिहिली. कंडक्टरच्या कोटाचं अस्तर, दवाखान्याचे तीन पडदे, दोन स्कर्ट, एका जाड्या वकिलाची पँट कमरेत सैल करणं. आठवड्याचं काम तेवढंच होतं. उरलेल्या तीन वाक्यांसाठी त्यांनी पुस्तक उघडलं. धड्याच्या शेवटी सरावाची बारा वाक्यं होती, त्यांतली तीन त्यांनी शाईच्या पेनाने उतरवून घेतली. मी खिडक्या पुसलेल्या असतील. मी एक पुस्तक वाचून संपवलेलं असेल. आणि, झ सरे आले शे मा सर. मी माझ्या बहिणीकडे गेलेली असेन. बहिणीला फ्रेंचमध्ये जवळजवळ 'सर'च म्हणतात याचं त्यांना लिहिताना हसू आलं. जादा अक्षर आठवणीने घातलं, पानावर टीपकागद दाबला आणि मग त्यांनी काय लिहिलंय ते वाचलं.

सख्ख्या धाकट्या बहिणीशी त्या सहा वर्षं बोलल्या नव्हत्या.

"खोडून टाक की," जेवताना नवरा म्हणाला.

"लिहिलं म्हणजे लिहिलं."

"अगं, सराव आहे तो. सर काय तुझ्या बहिणीकडे चौकशीला जाणार आहेत?"

"दवाखान्यातली बाई तरी कुठे दुर्बिणीतून टाके बघते? पण मी घालतेच ना नीट."

नवरा तीस वर्षांचा अनुभवी होता. त्याने ताकाचा पेला तोंडाला लावला आणि विषय सोडून दिला.

भांडण तसं सांगण्याजोगंही नव्हतं. भाचीचं लग्न ठरलं तेव्हा धाकटी धावत आली होती: पोरीचा लग्नाचा ड्रेस तूच शिवायचा. त्या महिन्यांत आई मावशींच्या घरी अंथरुणाला खिळलेली. मावशी म्हणाल्या, "बघते." धाकटीला त्या शब्दाचा अर्थ गल्लीइतकाच चांगला ठाऊक होता. ती कापड घेऊन गेली ती दुसऱ्या शिंप्याकडे. लग्नात मावशी मागच्या रांगेत बसल्या. लग्नानंतर महिन्याभरात आई गेली, तेव्हा दोघी कामापुरतं बोलल्या. नंतर कामही उरलं नाही.

आठवडा सरत गेला. कोट गेला, पडदे गेले, वकील पँट घालून पोट भरून श्वास घेऊन दाखवून गेला. शुक्रवारी मावशींनी खिडक्या पुसल्या. शनिवारी संध्याकाळी पुस्तक संपलं. सर्वांत बारीक होतं तेच निवडलं होतं, त्यावरून नवऱ्याने दोनदा टोमणा मारला. रविवारी सकाळी नऊच्या बसला त्या चढल्या तेव्हा नऊ वाक्यं खरी झाली होती.

बस शहराच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पाऊण तास होता. हाच काळ अंदाजालाही चालतो, असं सर म्हणाले होते. मावशींनी मनातल्या मनात जुळवून पाहिलं: एल ओरा उब्लिए. ती विसरली असेल एव्हाना. वाक्य बिनचूक होतं. पण ते वहीत लिहायला त्यांचा हात धजावला नसता.

दार धाकटीनेच उघडलं. हातात ओलं फडकं होतं.

"ताई?" तिचा चेहरा उतरला. "कोण गेलं?"

"कुणी नाही. सगळे धडधाकट आहेत."

"मग?"

"तुझ्याकडे यायचं होतं. अकराच्या आत."

"का? अकरानंतर माझं तोंड बदलतं?"

मावशींनी दारातच उभं राहून सगळं सांगितलं, रद्दीपासून. धाकटी फडकं पिळत ऐकत राहिली. पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं.

"म्हणजे मास्तरांनी गृहपाठ दिला म्हणून आलीस."

"पुस्तकात बारा वाक्यं होती," मावशी म्हणाल्या. "मासे पकडायला गेलेली असेन, असंही एक होतं. हेच का उचललं ते मला तरी कुठे ठाऊक."

धाकटी बाजूला झाली. "आत ये. उंबऱ्यात गृहपाठ करू नकोस."

चहा झाला. दोन्ही घरच्या दुखऱ्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग धाकटीने कप खाली ठेवला.

"एक 'हो' म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"आईसाठी रात्री तीनतीनदा उठावं लागायचं. 'हो' म्हटलं असतं आणि ड्रेस झाला नसता, मग?"

"मग पोरगी अर्धवट ड्रेस घालून उभी राहिली असती. पण मावशीने शिवलेला."

असा हिशेब मावशींनी कधी केलाच नव्हता. त्या म्हणाल्या, "हे तू तेव्हा का नाही बोललीस?"

"तू 'बघते' म्हणाल्यावर कुणी बोलतं का पुढे?"

ती उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातावर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला ड्रेस होता. तिने तो बहिणीच्या मांडीवर ठेवला. मावशींनी चष्मा लावला, सवयीने आधी उलट बाजू काढली आणि शिवणीवरून बोट फिरवत गेल्या. खांदे, बाह्या, कंबर, घेराची दुमड. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते. आता निघूनही वर्ग गाठता आला नसता.

"चांगलं शिवलंय," त्या म्हणाल्या.

"ताई, सहा वर्षं मी वाट बघतेय तू याला नावं ठेवशील म्हणून."

"अगं, पण चांगलं आहे. टाके बघ कसे एकसारखे."

"नीट बघ. तुला कुणाचं काम कधी पसंत पडलंय? आजच बरं पसंत पडलं."

मावशींनी ड्रेस खिडकीशी नेला. उजेडात धरून पुन्हा वरपासून सुरुवात केली. मानेमागे त्यांचं बोट थांबलं.

"हा हूक दोन धागे वर बसलाय."

"कुठे?" धाकटीने त्यांच्याच नाकावरचा चष्मा काढून आपल्या डोळ्यांना लावला.

"हा. मान वळवली की टोचला असणार."

"टोचतच होता," धाकटी म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की ते खरं की आत्ताच सुचलेलं, हे मावशींनी विचारलं नाही. "दिवसभर म्हणत होती बिचारी. मी तेव्हाच म्हटलं, ताईच्या हातून असं झालं नसतं."

"सुई-दोरा आहे का घरात?"

"शिलाईवालीच्या बहिणीला विचारतेस?"

शिवणाचा डबा आला. मावशींनी चष्मा परत मागून घेतला, खिडकीजवळ स्टूल ओढलं आणि हुकाचा पहिला टाका उसवला. भाचीला आता दोन मुलं होती. तो ड्रेस तिला होणार नव्हता आणि पुन्हा कुणी घालणारही नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"सावकाश कर," धाकटी म्हणाली, आणि दुसऱ्या चहाचं आधण ठेवायला आत गेली.