झरीच्या भिंतीवरचा पत्ता

आमच्या घरात गेलेल्या माणसाच्या वस्तूंना वर्षश्राद्धापर्यंत हात लावत नाहीत. बायको गेली तेव्हा तिच्या साड्या, चष्मा आणि फोन मी पेटीत ठेवला. पेटी बंद केली आणि डहाणूच्या वाचनालयातल्या माझ्या कामावर जाऊ लागलो.

ती तलासरीकडे झरीच्या शाळेत शिकवायची. मुलांच्या घरी जाऊन म्हाताऱ्यांच्या तोंडून त्यांच्या बोलीतल्या गोष्टी ऐकायची, ध्वनिमुद्रित करायची आणि शेजारी मराठी लिहून वेबसाइटवर ठेवायची. वेबसाइटचं नाव मुलांनी सुचवलं होतं. झरीच्या ज्या आजींनी पहिली गोष्ट सांगितली, त्यांच्या गेरूच्या भिंतीवर तिने तांदळाच्या पिठाने तो पत्ता रंगवला होता. येणारा-जाणारा तो फोनमध्ये टाकायचा आणि आपल्याच आजीचा आवाज ऐकायचा.

वर्षश्राद्ध झालं. मी पेटी उघडली, फोन चार्ज केला. वेबसाइटच्या नावाचे पैसे दर वर्षी भरावे लागतात; ती मुदत संपत आल्याच्या सूचना एकाखाली एक आल्या होत्या, सगळ्या पेटीत बंद. वेबसाइट उघडली, तर पत्त्यांचा जुगार.

तिने जिथून ते नाव घेतलं होतं त्या दुकानातला माणूस म्हणाला, “काका, मुदत टळलेली नावं उचलायला लोक टपलेलेच असतात. आता ज्याने उचललं त्याला विचारा, परत द्यायचे काय घेतो ते.”

विचारलं. उत्तर इंग्रजीत आलं. या पत्त्यावर वर्षानुवर्षं माणसं येतात, म्हणून त्याला किंमत आहे, आणि ती किंमत पुढे लिहिली होती. आकडा माझ्या आवाक्याबाहेरचा नव्हता. ते उत्तर मी दोनदा वाचलं. राग होता, तरी दुसऱ्यांदा वाचताना मान जरा ताठ झाली. ती हयात असताना तिच्या या उद्योगाला आमच्या नातेवाइकांनी ‘फावल्या वेळातला छंद’ म्हटलं होतं.

विकत घ्यायचं की नाही, हे ठरेना. पण भिंतीवरचा पत्ता आधी पुसायला हवा होता; पोरं जुगारात पोचत होती. गोष्टींच्या प्रती मी पेन ड्राइव्हवर ठेवत आलो होतो, वाचनालयातल्या माणसाची सवय. त्या लॅपटॉपवर घेतल्या आणि झरीला गेलो.

त्या आजींच्या अंगणात बायका भात पाखडत होत्या. एकीने हाक दिली, “आजी, बाईंचे मालक आले!”

मी ओला फडका काढला तशा आजी म्हणाल्या, “फडक्यानं काय व्हतंय? नातीचं लगीन हाय, भिंत सारवायचीच हाय. घे गेरू.”

“मी?”

“मंग? बाईंनी लिवलं, तू पूस.”

मी सारवू लागलो. मागे बायकांना हसू आवरेना. “मालक, भिंत हाय ती, पुस्तकाचं पान नाय! हात दाबून फिरवा!”

लग्न आलं की इथे जुनं चित्र सारवून नवं काढतात, आणि जुन्यासाठी कुणी हळहळत नाही. मला मात्र तिच्या हाताचं शेवटचं अक्षर झाकताना थांबावं लागलं. तेव्हा मी आजींना सगळं सांगितलं. नाव कुणी घेतलं, ते परत विकत मिळतं.

“गोष्टी त्याच्याकडं गेल्या का?”

“नाही. त्या माझ्याकडे आहेत.”

“मंग त्याच्याकडं काय हाय?”

“नुसतं नाव.”

“बाईला इचारून नेलं का त्यानं?”

“नाही.”

“मंग तू कशापायी त्याच्या दारात जातोस?”

मी ते शेवटचं अक्षर सारवलं.

नवं नाव त्याच अंगणात ठरलं. आधीच्यापेक्षा लांब, कारण प्रत्येकीला त्यात काहीतरी घालायचं होतं. भिंत वाळल्यावर आजींच्या सुनेने तांदळाच्या पिठाने ते लिहिलं. मी फक्त अक्षरं सांगितली. मुदतीची सूचना या वेळी कुठल्या एका फोनवर सोडायची नाही, हेही ठरलं. दर वर्षी भात झोडून झालं की सगळ्यांनी मला विचारायचं, “नाव भरलं का?”

मग लॅपटॉपवर पहिली गोष्ट लावली. सुरुवातीला तिचा आवाज येतो, “हं, आजी, बोला.”

आजी लॅपटॉपकडे वळल्या. “बोलते गं बाय,” म्हणाल्या, आणि ध्वनिमुद्रणातल्या आपल्याच आवाजाच्या पुढे जात गोष्ट सांगू लागल्या.