फलकावरचे डोळे

फलकावरच्या एका बाईंच्या चेहऱ्यावर मी त्यांच्या दिवंगत पतीचे डोळे रंगवले आणि त्यांनी विचारले तेव्हा ते त्यांचेच आहेत असे सांगितले. रंगवणे हा भित्रेपणा होता. सांगणे हे पाप होते. ते मी बरीच वर्षे कोणाला कळू दिले नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी उल्हासनगरातल्या एका पेंटरच्या हाताखाली निवडणुकीचे फलक रंगवत असे. अंबरनाथचे एक पुढारी, ज्यांना सारे गाव 'साहेब' म्हणे, अचानक वारले. पुढच्या निवडणुकीत त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या. त्यांनी टिकली लावली की पानाच्या टपरीवर चर्चा होई. नाही लावली तरी होई. कार्यकर्त्यांना त्यांनी बजावले, "फलकावर साहेब नकोत. आणि मला वहिनी नाही, ताई म्हणा."

"बरं, वहिनी," कार्यकर्ते म्हणाले.

त्या आमच्या शेडमध्ये स्वतः येऊन बसल्या. पिवळी साडी, ताठ मान. नाक, हनुवटी, केस मी पाहून उतरवले. डोळ्याला डोळा देण्याचे धाडस मात्र झाले नाही. डोळे आम्ही शेवटी रंगवत असू. त्या गेल्यावर मी साहेबांच्या डोळ्यांचा जुना खाका काढला. सुईने भोके पाडलेला तो कागद फलकावरच्या बाईंच्या चेहऱ्यावर धरला आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली. कागद उचलला तेव्हा पिवळ्या पदराखालून साहेब माझ्याकडे पाहत होते. मी रंग भरला.

फलक स्टेशनबाहेर उभा राहिला. डोंगरपाड्यावरून रानभाजी विकायला आलेली एक म्हातारी त्याच्यापुढे थबकली. तिने पायांतल्या चपला काढल्या.

"सायेब कुठं मेलाय? बाईच्या तोंडातून बघतोय की!"

त्यानंतर माणसे तिथून मान खाली घालून जाऊ लागली. बाई गावात शिवणवर्ग चालवत, त्याची खिडकी नेमकी त्या फलकासमोर होती. आत हसणे थांबले, नुसती यंत्रे चालत. बाई रंगीत साडी नेसून घराबाहेर पडल्या की कोणीतरी हळूच म्हणे, "वहिनी, साहेब बघतायत हां." त्या परत आत जात आणि पांढरी नेसून येत.

एका संध्याकाळी त्यांनी मला फलकाखाली बोलावून घेतले. "पेंटर, खरं सांग. हे डोळे माझे आहेत?"

मागे उभा असलेला कार्यकर्ता हसला. "काय वहिनी, आता स्वतःचे डोळेसुद्धा ओळखू येईनात?"

"तुम्ही समोर बसला होतात," मी म्हणालो. "बघूनच काढलेत."

त्यांनी एका पापणीवर बोट ठेवले, जणू ती दुसऱ्या कोणाची होती. "मग माझेच असतील."

त्या निवडून आल्या. गाव म्हणाले, साहेब निवडून आले. मुदत संपल्यावर त्यांनी राजकारण सोडले आणि बदलापुरात ब्लाउज शिवण्याचे दुकान काढले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पत्नीचे ब्लाउज आणायला मी तिथे गेलो, दुकान त्यांचे आहे हे ठाऊक नसताना. इथे सगळ्या त्यांना ताई म्हणत होत्या. भिंतीवर मोकळा खिळा होता आणि त्याखाली आरशाएवढा फिकट चौकोन.

"ताई, एवढं दुकान थाटलंत, एक आरसा ठेवायला काय झालं?" एका गिऱ्हाईक बाईने चिडवले.

"घरच्या आरशात बघा तुम्ही. माझ्या आरशातून भलतंच कोणीतरी बघतं."

बाया खिदळल्या. ताई हसल्या नाहीत. त्यांनी मला ओळखले नव्हते. बाया निघून गेल्या, तरी मी ब्लाउजची पिशवी घेऊन तिथेच उभा राहिलो. मग आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या डोळ्यांत पाहिले. ते साहेबांच्या डोळ्यांपेक्षा पुष्कळ फिके होते, मधासारखे.

"ताई, अंबरनाथचा तो फलक मी रंगवला होता. ते डोळे तुमचे नव्हते, साहेबांचे होते. त्यांच्या खाक्यावरून काढले आणि तुमच्या तोंडावर खोटं बोललो. तुमची शंका बरोबर होती. मला माफ करा."