लोखंड जोडणारी पोर

"आधी करू तर द्या, मंग बोला!" बाह्या वर सारत ती म्हणायची आणि कामाला लागायची. भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये ती आमच्या शेजारच्या क्वार्टरात राहायची. तिचे वडील स्टील प्लांटमध्ये कामगार, मी तिथलाच कारकून.

बारावीनंतर आमच्या गल्लीतल्या पोरांना एकच रस्ता ठाऊक होता, कोचिंग आणि मग इंजिनियरिंग. हिनंही दोन वर्षं घासली. दोन्ही वेळा नंबर लागला नाही. अशा वेळी सल्ला द्यायला कोण कोण धावतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. मीही धावलो. "बी.कॉम. कर, माझ्यासारखी क्लार्क होशील."

तिनं आयटीआयचा फॉर्म आणला. ट्रेड, वेल्डर.

वडील भडकले. "पोरीच्या जातीनं वेल्डिंग? लोक काय म्हणून राहिले, माहीत आहे का तुले?"

"बाबा, तुमची जिंदगी लोखंडात गेली. मंग माही कावून नाही?"

दोन दिवस फॉर्म तसाच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी वडिलांनी सही केली.

कोर्स संपल्यावर मी तिला काम शोधायला स्कूटरवरून जवळच्या हथखोज औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत नेऊ लागलो. प्रत्येक गेटवर एकच उत्तर, "बेटी, ऑफिस में जगह नहीं है."

"काका, म्या ऑफिस मागितलंच कधी?" ती हसायची. पण परतताना मागच्या सीटवर सर्टिफिकेटची फाइल छातीशी घट्ट धरून बसायची.

पाचव्या कारखान्यात मालकानं कटवायचं म्हणून दोन लोखंडी पट्ट्या पुढे टाकल्या. "जोड के दिखाओ."

तिनं काळ्या काचेचं शील्ड चढवलं, गुडघ्यांवर बसली. जोड थंड झाल्यावर म्हाताऱ्या फोरमननं तो शिकंज्यात धरून घणानं ठोकला. पट्टी वाकली, जोड तडकला नाही. पुन्हा ठोकला. शेवटी घण खाली ठेवून तो म्हणाला, "सेठ, इसे जाने मत देना."

माझे डोळे भरून आले. ती मात्र विचारत होती, "कल कितने बजे आना है?"

चार वर्षांनी भरतीची परीक्षा देऊन ती विशाखापट्टणमला गेली, जहाजं बांधायच्या कामावर.

परवा तिनं व्हिडिओ पाठवला. वडिलांनी साऱ्या गल्लीला बोलावून तो टीव्हीवर लावला. भलंमोठं जहाज घसरत पाण्यात उतरलं, हेलकावलं आणि डौलात तरंगू लागलं. टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीत ती कुठंच दिसेना. तेव्हा वडील उठले, टीव्हीजवळ गेले आणि जहाजाच्या पोटावर, तिनं फोनवर सांगितलेल्या जागी, त्यांनी बोट ठेवलं.

"हे पाहा, इथून तं इथवर. माह्या पोरीच्या हातचं आहे."