गुडघा घे

शोरूममध्ये त्यांनी एकाच नावाच्या दोन स्पोर्ट्स कार शेजारी शेजारी उभ्या केल्या होत्या. एक आमच्या लग्नाच्या वेळची, दुसरी यंदाची. नात्याने जुनी आजी, पण नवीपुढे ती नातीसारखी दिसत होती. उंचीने जेमतेम माझ्या कमरेच्या वर.

"हिचं वजन एवढं कसं वाढलं?" माझ्या नवऱ्याने, प्रमोदने विचारलं.

"थोडं थोडं वाढत गेलं, सर," सेल्समन म्हणाला. "सुरक्षेसाठी दारं जाड झाली, एसी आला, सीट मऊ झाल्या. मग ते सगळं ओढायला इंजिन मोठं लागलं."

यातलं काहीच कुणी उगाच वाढवलेलं नव्हतं. आमच्याकडेही तसंच. मोठा फ्लॅट घेतला, दोन टीव्ही आले. त्याच्या घोरण्यामुळे आणि माझ्या कंबरदुखीमुळे खोल्या वेगळ्या झाल्या. भांडण असं कधी झालंच नाही.

लग्न झालं तेव्हा प्रमोदकडे याच जुन्या मॉडेलची गाडी होती. गिअर टाकताना त्याचा हात माझ्या गुडघ्याला लागायचा. "गुडघा घे," तो म्हणायचा, आणि मी तो मुद्दाम उशिरा बाजूला घ्यायचे.

आम्ही नव्या गाडीत बसलो. दार लागलं तसा बाहेरचा आवाज बंद झाला. प्रमोदने गिअरवर हात ठेवला आणि मी सवयीने गुडघा बाजूला घेतला. आमच्या मध्ये चांगला रुंद कप्पा होता.

"काय झालं?"

"काही नाही."

"ऐसपैस आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "ऐसपैस आहे."